कळसूबाई, भांडी आणि माझे गुडघे

आमच्या भांडीवाल्या मावशी आठ दिवस गावी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी सिंककडे बघून मी बोलून गेले, यापेक्षा डोंगर चढलेला परवडला. नवरा ट्रेकवाला, असली वाक्यं वरच्यावर झेलतो. शनिवारी रात्री अकराला मी कळसूबाईच्या मिनीबसमध्ये. तयारी म्हणाल तर दोनदा पर्वती चढले होते, १०३ पायऱ्या, आणि दोन्ही वेळा खाली येऊन भेळ.

कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि ग्रुपवर लिहिलेलं 'सोपा ते मध्यम'. हे जो ठरवतो ना त्याला एकदा भेटायचंय मला. पहाटे बारी गावात पोहे हाणले, चिखल तुडवत निघालो आणि अर्ध्या तासात माझा लोहाराचा भाता झाला. नवरा दर वळणावर "आता थोडंच राहिलंय". होमलोनबद्दलही तो हेच सांगतो.

मग त्या लोखंडी शिड्या. रेलिंग ओलं गार, वरून पाऊस, माझ्या नाकासमोर एका काकांचा बूट आणि त्याचा सोल पुढून सुटलेला, दर पायरीला आ वासायचा आणि चप्प करून मिटायचा, मागून पब्लिक "चला ताई, चला". तेवढ्यात कडेच्या खडकावरून एक आजी डोक्यावर हंडा घेऊन, साध्या रबरी चपलेत, कशाला हात न लावता मला ओव्हरटेक करून गेल्या. वर त्यांचं लिंबूसरबताचं दुकान. जाताजाता म्हणाल्या, "दम खा बाई, डोंगर कुठं पळतोय."

वर देऊळ, बाकी नुसतं धुकं. नवरा त्या पांढऱ्यात बोट दाखवत सुटला, ते अलंग-मदन-कुलंग, तो तिकडे रतनगड, खाली भंडारदऱ्याचा आर्थर लेक. १९२६ साली धरण पूर्ण झालं, तेव्हापासून तलाव जागचा हललेला नाही, नेमका मी आले त्या दिवशी गायब! पांढरी भिंत आमच्या हॉलमध्ये पण आहे, शिवाय तिथे चहा मिळतो.

सरबत पिता पिता आजींनी देवीची गोष्ट सांगितली. कळसू एका घरी कामाला राहिली ती अटीवर, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस त्यांनी तिला भांडी घासायला लावलीच. तिने घासली आणि तडक डोंगर चढून आली, ती परत गेलीच नाही. मी उठून पुन्हा देवळात गेले आणि या वेळी मनापासून हात जोडले.

उतरताना गुडघे सुटे सुटे वाजायला लागले. शिडीवरून उलटं उतरायचं, पाय खाली सोडून पायरी चाचपायची, ती सापडेपर्यंत सगळे देव आठवायचे. लोक म्हणतात कळसू रागावून वर राहिली. छे हो, राग संध्याकाळपर्यंत गेला असेल बिचारीचा. पण मग तिने कड्यावरून खाली डोकावून बघितलं असणार, आणि तिच्या वेळी तर शिड्याही नव्हत्या.