एक कप म्हणजे अडीचशे ग्रॅम नव्हे

दिवाळीच्या तोंडावर व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी फिरणारा एक संदेश यंदाही आमच्या गिरगावातल्या इमारतीत घरोघरी पोहोचला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जिन्नस कोणताही असो, एक कप म्हणजे 250 ग्रॅम, सगळे कप सारखेच असतात, आणि आपल्या आज्या वाटीनेच मोजत असल्यामुळे वजनकाट्याची गरजच नाही.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. कप जागा मोजतो, काटा वजन मोजतो, आणि या दोहोंचा आकडा जवळपास जुळतो तो पाण्याच्या किंवा दुधाच्या बाबतीत. कोरड्या जिन्नसात कणांच्या मधे हवा असते आणि ती प्रत्येकात वेगळी असते. 240 मिलिलिटरच्या कपात साखर साधारण 200 ग्रॅम मावते, रवा 160 ते 170, मैदा 125 च्या आसपास आणि पिठीसाखर 120. पातळ पोह्यांचे वजन तर याहूनही पुष्कळ कमी भरते.

शेजारच्या काकूंच्या नानकटाईचेच पाहा. त्यांच्या वहीत 250 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम पिठीसाखर आणि 150 ग्रॅम तूप असे प्रमाण आहे. संदेशाप्रमाणे त्यांनी एक कप मैदा, अर्धा कप पिठीसाखर आणि अर्ध्या कपाहून थोडे जास्त तूप घेतले. प्रत्यक्षात मैदा पडला 125 ग्रॅम, पिठीसाखर 60, आणि तूप मात्र 130 ग्रॅम, कारण तूप पाण्यापेक्षा किंचितच हलके असते. तूप मैद्याहून जास्त झाल्यावर गोळे भट्टीत टिकणार कसे? ट्रेवर सगळे पसरून एकमेकांना चिकटले. काकू आपलाच हात बिघडला म्हणून स्वतःला दोष देत होत्या, म्हणून हे लिहायला बसले.

त्यातही एकच जिन्नस, एकच कप, पण भरण्याची रीत बदलली की वजन बदलते. मैदा चाळून, चमच्याने अलगद भरून, सुरीने वरचा थर सपाट केला तर माझ्या काट्यावर 122 ग्रॅम दिसले. तोच कप डब्यात खुपसून, दाबून भरला तर 154. चमचाभर बारीक मिठाचे आणि चमचाभर जाड्या मिठाचे वजनही एक नसते, आणि लोणचे घालणाऱ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे.

सगळे कप सारखे असतात हेही खरे नाही. अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा, जपानमधला 200 चा. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा 20 मिलिलिटरचा, तर इतरत्र बहुधा 15 चा. चहाच्या कपाबद्दल तर बोलायलाच नको.

आता आज्यांविषयी, कारण हा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. दोन वाट्या रव्याला एक वाटी साखर असे प्रमाण सांगणारी आजी अचूकच होती, कारण ती सगळे एकाच वाटीने मोजत असे आणि तिच्या प्रमाणात ग्रॅम कुठेही येत नसत. घोटाळा होतो तो ग्रॅममध्ये लिहिलेली कृती वाटीत उतरवताना. वजन आणि माप वेगळे, हे आपल्या जुन्या व्यवहाराला पक्के ठाऊक होते: चार शेरांची पायली होती ती धान्य मापायची, आणि तराजूत तोलायचा शेर निराळा. लालबागच्या मसाला गल्लीत आजही मिरची, धणे, खोबरे किलोवरच तोलून घेतात, कारण मिरचीची टोपली भरली म्हणजे किती मिरची आली, हे कुणालाच सांगता येणार नाही.

काटा नसेल त्यांनी निदान एकदा कुणाचा तरी मागून आणावा आणि आपल्या नेहमीच्या वाटीत प्रत्येक जिन्नस किती भरतो ते तोलून डब्याच्या झाकणाला चिकटवावे. काकूंच्या मैद्याच्या डब्यावर आता एक पट्टी आहे: «चाळून, न दाबता, सपाट कप – 122».