पोट्ट्याच्या हातात कट्टा दिला कोणी?

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला सात जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी वर "ताई, हे तुमच्यासाठीच" असंही लिहिलं होतं. मजकूर थोडक्यात असा: "नागपूरकरांनो, जागे व्हा! निम्मे गुन्हे आता अल्पवयीन पोट्टेच करतात. कायदा त्यांना हात लावत नाही, निबंध लिहून घरी जातात, फार तर तीन वर्षं. हातात गावठी कट्टा घेणारं पोरगं सुधारत नसतं. संस्थावाले फुटबॉल आणि समुपदेशनाचे चोचले पुरवतात. एकदा सेंट्रल जेल दाखवून आणा, सरळ होतील. नावं आणि फोटो चौकात लावा." खाली हात जोडलेले आणि एक तिरंगा.

मी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत संध्याकाळचं मैदान चालवते. तेरा ते अठरा वयाची पोरं येतात. फुटबॉल असतो, शाळा सुटलेल्यांना 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवायचा वर्ग असतो, आणि कुठल्याच अहवालात नीट न मावणारं तिसरं काम असतं, ते म्हणजे भांडणं ऐकणं. तेव्हा हा मजकूर माझ्यावरच आहे असं धरून उत्तर देते.

"निम्मे गुन्हे पोट्टेच करतात." राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरातले दखलपात्र गुन्हे 58,24,946. त्यात अल्पवयीनांवरची प्रकरणं 30,555, म्हणजे हजारात पाच. आदल्या वर्षी ती 31,170 होती. किरकोळ प्रकरणात अल्पवयीनावर एफआयआर न होता नुसती स्टेशन डायरीत नोंद होते, म्हणून आकडा कमी दिसतो असं कोणी म्हणेल. बरं, दुप्पट धरा. दहापट धरा. निम्म्याच्या जवळपासही पोचत नाही.

"कायदा हात लावत नाही, फार तर तीन वर्षं." हे एके काळी खरं होतं, म्हणूनच डोक्यातून जात नाही. दिल्लीच्या 2012 च्या निर्भया प्रकरणातला अल्पवयीन जुन्या कायद्याखाली तीन वर्षं काढून डिसेंबर 2015 मध्ये सुटला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी राज्यसभेनं नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. तो 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, आणि खून त्यातच येतो, तर बाल न्याय मंडळ त्याची कुवत, समज आणि घटनेची परिस्थिती तपासतं आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथं प्रौढासारखा खटला चालू शकतो. तीन वर्षांची मर्यादा तिथं राहत नाही. एकवीसपर्यंत सुरक्षित ठिकाणी, नंतर गरज वाटली तर तुरुंगात. फाशी आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप, एवढ्या दोनच गोष्टी देता येत नाहीत.

मजकुराची एक बाजू मात्र मान्य करते. खुनाच्या प्रयत्नाला कायद्यात किमान शिक्षा लिहिलेली नाही, आणि अशा गुन्ह्यांत पोराला प्रौढ धरता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2020 मध्ये सांगितलं. म्हणजे गोळी लागून माणूस वाचला तर तीन वर्षांची मर्यादा राहते. यावर वाद घालायला जागा आहे, जरूर घाला. निबंधाचं मात्र सोडा. पुण्यात मे 2024 मध्ये पोर्शे अपघातातल्या अल्पवयीनाला जो निबंध सांगितला तो जामिनाच्या अटींपैकी एक होता, शिक्षा नव्हती. तीनच दिवसांत मंडळानं त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. पुढे उच्च न्यायालयानं सोडलं, तो वेगळा विषय.

आता कट्ट्याचं. इथं मला जरा थांबायचंय, कारण सगळा मजकूर पोराच्या हाताकडे बघतो आणि त्या हातात वस्तू आली कुठून हे एका शब्दानं विचारत नाही.

शस्त्र कायद्यानुसार एकवीस पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही बंदूक बाळगता येत नाही. नेमबाजीच्या सरावाची सवलत तेवढी आहे. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराकडे दुकानातून, परवान्यानं काही येण्याचा प्रश्नच नाही. देशी कट्टे कुठून येतात हे पोलिसांच्या कारवाया वर्षानुवर्षं सांगतात: मध्य प्रदेशातले खरगोन, बडवानी, बुऱ्हाणपूर हे पट्टे, आणि लांबचं मुंगेर. पोट्टा काही खरगोनला जाऊन सौदा करत नाही. त्याच्याकडे तेवढे पैसेही नसतात आणि ओळखही नसते. त्याला पानठेल्यावरचा कोणीतरी पंचवीस-तीस वर्षांचा "भाऊ" आधी खर्रा आणायला पाठवतो, मग गाडीवर मागे बसवतो, मग एक दिवस म्हणतो, "हे ठेव तुह्याजवळ, दोन दिवसानं घेऊन जातो."

आणि पोरगं कचरलं तर भाऊ काय सांगतो माहीत आहे? "तू अठराच्या खालचा आहेस बे, तुले काही होत नाही." हे वाक्य मी पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर वाचलं नाही. एका पंधरा वर्षांच्या पोराच्या तोंडून ऐकलं. तुम्ही जो मजकूर चिंतेनं पुढे ढकलताय, तो भाऊच्या भरतीची जाहिरात आहे. तीही फुकट.

वास्तविक बिनपरवाना बंदूक नुसती जवळ ठेवणं हाच 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांचा गुन्हा आहे. बनवणं आणि विकणं यांना किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत. पोराकडून बेकायदा काम करून घेणाऱ्या प्रौढासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम 83 मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे, आणि जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 95 आहे, तीन ते दहा वर्षांचं. कायदा नरम आहे म्हणता ना? या कलमांचा तरी फॉरवर्ड करा की कधी. मला आजवर एकानंही पाठवला नाही.

"फुटबॉल आणि समुपदेशनाचे चोचले." निम्मं बरोबर. नुसत्या फुटबॉलनं कट्टा सुटत नाही. विजय बारसे सरांनी 2001 मध्ये इथंच नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, त्याचं मोल मला कोणी सांगायला नको. पण चेंडूमागे धावणारं पोरगं नऊ वाजता घरी जातं, आणि भांडण होतं साडेनऊला. मैदानाचा खरा उपयोग हा की पोरं आपल्याला ओळखतात, म्हणून साडेनऊला फोन येतो.

हे भांडण बहुतेक वेळा फार लहान असतं. कोणी कोणाच्या रीलखाली काही लिहिलं. मिरवणुकीत डीजेपुढे धक्का लागला. मायवरून शिवी दिली. पहिल्या दिवशी नुसती खुन्नस असते, दुसऱ्या दिवशी स्टेटसवर "टाइम आएगा" येतं, मग तिसरं कोणीतरी मोठं माणूस मधे पडतं आणि म्हणतं, सामान पाहिजे का? सामान म्हणजे कट्टा. आमचं काम त्या दीड-दोन दिवसांत आहे. आम्ही आधी दोघांना वेगवेगळं भेटतो. समोरासमोर बसवायची घाई करत नाही, कारण चार मित्रांसमोर कोणतंच पोरगं माघार घेत नाही. एकाला आठवडाभर मामाकडे काटोलला पाठवायचं असेल तर तिकीट काढून देतो. याला समुपदेशन म्हणायचं तर म्हणा.

यात आमची अक्कल फारशी नाही. शिकागोत साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी नेमकं हेच मांडलं, की गोळीबार साथीसारखा पसरतो, एकाचा बदला दुसरा, तेव्हा मधली कडी तोडा. त्यासाठी त्यांनी वस्तीतलीच माणसं नेमली. बॉस्टनमध्ये 1996 च्या सुमारास पोलीस, पाद्री आणि वस्तीतले कार्यकर्ते यांनी मिळून टोळ्यांतल्या पोरांना सांगितलं: गोळी चालली तर सगळ्या टोळीवर नजर, थांबलात तर काम आणि मदत. तरुणांच्या हत्या 63 टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं. 2000 च्या आसपास कार्यक्रम बारगळला आणि हत्या पुन्हा वाढल्या. शिकागोतच शाळेतल्या मुलांच्या एका वर्गात, रागाच्या क्षणी दोन श्वास थांबायचं शिकवणाऱ्या, हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळपास निम्म्यानं घटल्या. पण तेही वर्ग चालू होता तोवर. तिथल्या बंदुका वेगळ्या, कायदे वेगळे, सगळं उचलून इथं लागू होत नाही. एक गोष्ट मात्र मी उचलली: बंद पडलं की परिणाम जातो. म्हणून "दोन वर्षं झाली, अजून चालूच?" असं कोणी विचारलं की मला हसू येतं. नळ दुरुस्त केल्यावर पाणी बंद करतात का?

आमच्या वहीत पोरांची हजेरी दुय्यम आहे. पहिल्या पानापासून भांडणांची नोंद आहे: कधी कळलं, कोणी सांगितलं, त्याच रात्री कोणी पोचलं का, मिटलं का, पुन्हा उकरलं का. देणगीदारांना छातीवर नंबर लावलेल्या पोरांचा फोटो हवा असतो. न झालेल्या मारामारीचा फोटो कसा काढायचा, हे कोणी शिकवा मला.

आणि एक नियम पहिल्याच दिवशी सांगितलेला असतो. इथं बोललेलं इथंच राहील, शस्त्र सोडून. कट्टा दिसला किंवा कळला तर आम्ही हात लावत नाही. "ताई, तुमच्याजवळ ठेवा" म्हणून पोरगं रडलं तरी ठेवून घेत नाही, कारण ठेवला की गुन्हा आमच्यावर. ठाण्यात नेमलेल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला फोन, आणि पोरासोबत आमच्यातलं एक माणूस, त्याची आई येईपर्यंत. या नियमामुळे काही पोरं यायची बंद झाली. ते मी लपवत नाही.

"एकदा जेल दाखवून आणा." हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात 1970 च्या दशकात पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून घाबरवलं जायचं. नंतर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तर तुरुंग बघून आलेल्या पोरांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले होते. मला नवल वाटत नाही. भाऊची गोष्ट ज्याला भारी वाटते, त्याला तुम्ही थेट भाऊच्या भाऊकडे नेऊन सोडताय.

राहिलं "नावं आणि फोटो चौकात लावा". बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अल्पवयीनाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढं सांगून मी गप्प बसणार होते. पण सातपैकी एक मजकूर आमच्याच गल्लीतल्या काकांचा होता. त्यांच्या घरासमोरच पानठेला आहे, रात्री तिथं गाड्या लागतात. मी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेले आणि म्हटलं, "काका, पोट्ट्यांचं जाऊ द्या. त्यांना सामान कोण देतं, तुम्हाला तर रोज दिसत असेल."

काकांनी आधी गेटकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "दिसते ना. साऱ्या गल्लीले माहीत आहे." थोडं थांबले. "पण हे पाय बेटा, माहं नाव कुठी घेऊ नको."