गुलमोहर बटाट्यात उगवत नाही हो!

महिनाभर तो एकच व्हिडिओ फिरतोय, माझ्या तीन ग्रुपवर येऊन गेला, काल मावशीनेही पाठवला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गुलमोहराची फांदी कापायची, टोकाला मध लावायचा, बटाट्यात खोचायची आणि बटाट्यासकट कुंडीत पुरायची. 15 दिवसात मुळं, वर्षात फुलं! वर म्हणे बियांपासून गुलमोहर येतच नाही, मुळं सरळ खाली जातात त्यामुळे कंपाउंडला चिकटून लावला तरी चालतो, आणि झाड आपलं पुराणकाळापासूनचं देशी. तीन मिनिटांच्या व्हिडिओत इतकं सगळं चुकवायलाही मेहनत लागत असेल.

आधी बटाटा, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलेय. गेल्या जुलैत चार फांद्या, चार बटाटे, मध पण घरातला चांगला. दहाव्या दिवशी दोन फांद्यांना पोपटी कोंब, मी लगेच फोटो टाकला, अभिनंदन बिभिनंदन झालं, आणि तिसऱ्या आठवड्यात कोंबांनी माना टाकल्या. उपटून बघते तर फांदीला मूळ एक नाही, खाली बटाट्याचा काळा लगदा, आणि वास असा की कुंडी गच्चीच्या पार कोपऱ्यात नेऊन ठेवावी लागली. चौथ्या कुंडीत मात्र जोरदार वाढ होती, ती बटाट्याची. होतं असं की फांदीत साठवलेलं अन्न असतं, त्याच्या जोरावर ती मुळांशिवायही पानं काढते, अन्न संपलं की खेळ खलास, आणि व्हिडिओ नेमका पानं दाखवून संपतो. बटाट्यात ओल असते हे खरं, पण त्या कोंदट ओलीत कापलेलं टोक कुजतं. फांदीपासून गुलमोहर होतच नाही असं नाही हं, होतो, पण सावकाश आणि बऱ्याच फांद्या वाया घालवून. एखाद्या झाडाचा ठराविक रंगच हवा असेल, पिवळा वगैरे, तरच तो खटाटोप.

आता बिया येत नाहीत हे कुठून काढलं देव जाणे. वाळलेली शेंग, ती तलवारीसारखी हातभर लांब, लहानपणी मारामारीला वापरायचो तीच, चिरली की आत आडव्या खाचांत एकेक बी बसलेली असते, तपकिरी, गुळगुळीत, दगडासारखी. तशीच मातीत टाकली तर पाणी आत जातच नाही म्हणून महिनोन्‌महिने पडून राहते, आणि लोक म्हणतात येत नाही. बी शेंगेला जिथे चिकटलेली असते ते टोक सोडून कडेला पॉलिश पेपरने घासायची, किंवा नेलकटरने इतकीशी टवका उडवायची, आतला पांढुरका भाग जेमतेम दिसला की बास. मग रात्रभर साध्या पाण्यात. घासायचा कंटाळा असेल तर पाणी उकळून गॅस बंद करा, मग त्यात बिया टाका आणि 24 तास तशाच ठेवा (बियांसकट उकळू नका, माझ्या जावेने उकळल्या, उसळच झाली). सकाळी ज्या दुप्पट फुगल्यात त्या लावायच्या, ज्या तशाच टणक त्या परत घासायच्या. काळ्या पिशवीत, बोटाच्या एका पेरापेक्षा कमी खोल, आणि पाणी बेताचं, रोज चिखल केलात तर रोप बुडाशी सडून आडवं होतं. आठ-दहा दिवसात दोन जाड दळं वर येतात आणि मागून चिंचेसारखी बारीक पानं.

वर्षात फुलं? व्हिडिओत शेवटी जी फुललेली कुंडी दाखवलीय ना, ती पॉज करून बघा. पाकळ्यांना पिवळी कड, पुंकेसर फुलाच्या बाहेर लांबच लांब मिशांसारखे, खोडाला तुरळक काटे. अहो तो शंकासुर आहे! गुलमोहराचा लांबचा नातेवाईक, झुडूपच, बियांपासून लावला तरी पहिल्याच वर्षी फुलतो. गुलमोहराच्या फुलात एक पाकळी वेगळी असते, पांढरट आणि त्यावर लाल ठिपके, लहानपणी आंबट लागते म्हणून खायचो ती. आणि गुलमोहर फुलायला साधारण पाचेक वर्षं तरी जातात, कधी दहासुद्धा. म्हणजे फांदी एका झाडाची, फुलं दुसऱ्याची, मधे बटाटा.

देशी म्हणाल तर झाड मादागास्करचं. वेन्झेल बोयर या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1820 च्या दशकात तिथे नोंदवलं, 1829 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं, मग पुराणात कुठून येणार? साताऱ्यात 1 मेला गुलमोहर दिन होतो, प्रेम आहेच, त्यासाठी खोटं वंशपत्र कशाला.

आणि कंपाउंड. कृपा करून नको. याची मुळं वरच्या वर पसरतात, जुन्या झाडाभोवती उचकटलेल्या फरशा बघितल्या नाहीत का कुणी? लाकूड ठिसूळ, वळवाच्या वादळात फांदी मोडते ती खालच्या गाडीवर. छत्री उंचीपेक्षा रुंद होते, त्यामुळे घर, भिंत, ड्रेनेज, विजेच्या तारा सगळ्यापासून 25-30 फूट तरी लांब. तेवढी जागा नसेल तर सरळ तो शंकासुरच लावा की.

माझं बियांचं रोप गावच्या परड्यात आहे, विहिरीपासून लांब, चौथं वर्ष चालू. माझ्या डोक्याच्या वर गेलंय, फूल अजून एकही नाही.