दसरा-दिवाळीत समृद्धी सोडा, आडवाट धरा

लोणारला जायचंय असं पुण्यात कुणालाही सांगा, सल्ला ठरलेला असतो. "संभाजीनगरपर्यंत जा, समृद्धीला लाग, मेहकरला उतर. झालं." सल्ला चुकीचा नाही. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर पुरा झाला. कारला ताशी 120 ची मुभा आहे. दवाखाना असो, लग्न असो, कोर्टाची तारीख असो, मीही तोच रस्ता धरतो आणि बांधणाऱ्यांना दुवा देतो.

पण दसरा ते दिवाळी या दिवसांत रजा टाकून, केवळ फिरायला म्हणून निघाला असाल तर समृद्धीवर जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे. समृद्धीवर दुचाकी चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही, बैलगाडी चालत नाही. आणि आश्विनात अख्खा मराठवाडा नेमका दुचाकीवर, ट्रॅक्टरवर आणि बैलगाडीत असतो. कुंपणाच्या आतून गेलात तर तुम्हाला दिसणार काय? आभाळ, टोलनाका आणि पुढच्या कंटेनरची पाटी.

आमची वाट अशी: नगर (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय), तिसगाव, अमरापूर, शेवगाव, घोटण, पैठण, पाचोड, अंबड, जालना, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, बीबी, लोणार. नगरहून निघालं की डोंगरावरचा तो घुमट दिसतो. त्याला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात, पण ती सलाबतखानाची कबर आहे. करंजी घाट ओलांडेपर्यंत हा राष्ट्रीय महामार्गच, ट्रकांच्या मागे निमूट चालायचं. तिसगावला मात्र आत वळायचं. जवळच मढीला कानिफनाथांची समाधी. रंगपंचमीला तिथे गाढवांचा बाजार भरतो, आश्विनात मात्र गड निवांत असतो.

आत शिरलात की मोबाइलमधल्या बाईचं फारसं ऐकू नका, कडेचे दगड बघा. पिवळ्या डोक्याचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, केशरी म्हणजे गावाकडचा रस्ता. आमचा साधा नियम असतो: हिरवा आला की चालवत राहायचं, केशरी आला की एकदा विचारून घ्यायचं. विचारायचं पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला. तरुण पोरं मोबाइल काढून आपल्यालाच नकाशा दाखवतात.

गर्भगिरी डोंगराच्या या पट्ट्यात आणि खाली बीडच्या बालाघाट डोंगरांत या दिवसांत सीताफळं. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण रस्त्याकडेच्या पाटीतली फळं बहुतेक बांधावरची, डोंगरातली. ना कलमी, ना फवारलेली. लहान, बियांनी भरलेली, आणि गोडीला तोड नाही. तिसगावच्या पुढे एका आजीकडे थांबलो. बायकोने भाव विचारला तर म्हणाल्या, "भावाचं काय घेऊन बसलीस बाई, आधी खाऊन बघ." मग माझ्याकडे वळून, "दादा, डोळं उघडलेलं हाये ते आजच खायाचं. मिटलेलं घरी न्या." पिकलेलं फळ हाताने चाचपायची आमची शहरी सवय त्यांना अजिबात आवडली नाही, तेही त्यांनी ऐकवलं.

याच रस्त्यांवरून या दिवसांत कोयते निघतात. पाथर्डी, शेवगाव, शिरूर कासार, आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी. दसरा झाला की ऊसतोड मजुरांना न्यायला मुकादमाची गाडी दारात येते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्र्याच्या पेट्या, कोपीसाठी (फडावरच्या झोपडीसाठी) बांबू आणि ताडपत्री, पिठाचे डबे, एखादी शेळी, डालीखाली कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. लहान पोरं सोबत. शाळेतली पोरं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायची, अशी सोय सरकारदरबारी आहे. ट्रॉलीत बसलेली शाळकरी पोरं बघितली की ती सोय किती पोचते ते कळतं. ज्याला आपण 'शांत आडवाट' म्हणतो तो रस्ता त्यांचा कामावर जायचा रस्ता आहे. शांत आपल्याला वाटतो, कारण आपल्याला कुठे पोचायचं नसतं. म्हणून या रस्त्यांचे ड्रोन व्हिडिओ टाकून खाली 'अनटच्ड' लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. अनटच्ड कसलं? सकाळपासून शंभर ट्रॉल्या गेल्या असतील त्यावरून.

आणि सोयाबीन. शेवगाव सोडल्यापासून लोणारपर्यंत अर्धा रस्ता सोयाबीनने व्यापलेला असतो, हे मी जरासुद्धा वाढवून सांगत नाही. कापणी झालेली, शेतात गंजी लागलेल्या, हडंबा (मळणी यंत्र) गावातून फिरतोय, आणि मळलेलं सोयाबीन डांबरावर पसरलेलं. कडेने दगड मांडलेले, टोकाला एक पोरगं किंवा म्हातारबा राखणीला. गाडीवाले चिडतात, हॉर्न वाजवतात. कायद्याने ते बरोबरही असतील, कारण त्या दाण्यांवरून दुचाकी घसरते आणि उचलायचे राहिलेले दगड रात्री जीव घेतात. पण तो माणूस तिथे का आला ते बघा. हमीभाव केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. ओला माल घेऊन बाजारात गेला तर व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, तोंड वाकडं करतो आणि भाव पाडतो. घरोघरची शेणाने सारवलेली खळी गेली, अंगणं आखडली, आणि परतीच्या पावसाचा नेम नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, उभी पिकं पाण्यात गेली. मग दोन दिवस ऊन पडलं की सगळ्यात कोरडी, तापलेली, सपाट जागा कुठली? डांबरी रस्ता. सामाईक वाळवणाचा एक ओटा गावागावात बांधून दिला तर हे थांबेल. तो बांधला जात नाही तोवर मी दुसऱ्या गिअरवर येतो आणि मोकळ्या बाजूने जातो. माझी पाच मिनिटं त्याच्या पोत्यापेक्षा महाग नाहीत.

घोटणला मल्लिकार्जुनाचं यादवकालीन देऊळ आहे, तिथे थांबाच. गर्दी शून्य. पैठणला जायकवाडी धरण. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आणि 27 दरवाजे. संत एकनाथांच्या वाड्यात दर्शन घेऊन आम्ही पुढे गेलो. पैठणीच्या दुकानात शिरलो असतो तर ती पोस्ट वेगळीच झाली असती.

पाचोड-अंबडकडे मोसंबी. आंबिया बहाराची (आंब्याच्या मोहराच्या सुमारास फुललेल्या फळांची) तोडणी चालू असते, पिकअप भरभरून बाजाराकडे जात असतात. बागेच्या बांधावर थांबून विचारलंत तर बहुधा दोन-चार मोसंब्या हातात पडतात. पैसे देऊ केले तर लोक नाराज होतात, त्यामुळे आम्ही किलोभर विकत घ्यायचा तोडगा काढला. अंबडला टेकडीवर मत्स्योदरी देवी. नवरात्र संपल्यावर गेलात तर सावकाश दर्शन होतं.

देऊळगाव राजाला बालाजीची यात्रा आश्विनातच असते. मोठमोठ्या लाकडी लाठ्या उभ्या करून मंडप घालतात. आम्ही पोचलो तेव्हा यात्रा उठत आली होती. पाळण्यांचे सांगाडे उतरवत होते, रेवड्यांचा भाव पडला होता. सिंदखेड राजाला लखुजी जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. तिथून पुढे एके ठिकाणी आपला रस्ता समृद्धीच्या खालून जातो. वर गाड्या सुं सुं जात होत्या, खाली पुलाच्या सावलीत मेंढपाळांचा वाडा विसावला होता. घोड्यावर बिऱ्हाड बांधलेलं, कोकरं जाळीत. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "ऊन लई हाये साहेब, ह्या पुलाचा हा येवढा फायदा झाला." त्याची मेंढरं त्या महामार्गावर कधी चढणार नाहीत, तरी महामार्ग त्याच्या कामी आला होता. माझ्या मतात ही एवढी दुरुस्ती करून घ्या.

लोणारबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटोपतो. उल्केने बसाल्टात पाडलेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, खारं पाणी, 2020 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पहाटे जा, दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका.

आता या वाटेची खरी अडचण, जी पुरुष मंडळी आपल्या पोस्टीत लिहीत नाहीत. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. पेट्रोल पंपांवर असतं, पण एका ठिकाणी कुलूप, किल्ली मालकाकडे आणि मालक जालन्याला. बायको त्यावर जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. तिने मग स्वतःच नियम केला: तालुक्याचं गाव आलं की गरज असो-नसो थांबायचं, एसटी स्टँड टाळायचं, बऱ्या दिसणाऱ्या हॉटेलात आधी आत जाऊन बघायचं आणि मगच चहा सांगायचा.

दुसरं, सहाच्या आत मुक्काम गाठा. ट्रॉलीच्या मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर, आणि समोरच्या गाडीच्या अप्पर लाइटने डोळे दिपले की पुढचं काही दिसत नाही. शंभर-दोनशेच्या सुट्ट्या नोटा ठेवा, सीताफळवाल्या आजींकडे क्यूआर कोड नाही. कोणी वाशीम-रिसोडकडून कारंजापर्यंतची आतली वाट केली असेल तर खाली लिहा, खड्ड्यांसकट लिहा. दिवाळीच्या पाडव्यानंतर तिकडे जायचं घाटतंय.