खुलासा: अमेरिकी दुकानसाखळी ‘टार्गेट’कडे सायबर पहारा होता

‘टार्गेटकडे धोका ओळखणारी यंत्रणाच नव्हती, म्हणून २०१३ साली ग्राहकांच्या क्रेडिट-डेबिट कार्डांची माहिती चोरीला गेली. यंत्रणा बसवा आणि निर्धास्त व्हा,’ असा मेसेज आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

टार्गेटने फायरआय या सायबर सुरक्षा कंपनीची यंत्रणा चोरीच्या काही महिने आधीच बसवली होती. ३० नोव्हेंबरला त्या यंत्रणेने मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, हेरून इशारा दिला. टार्गेटच्या बंगळुरूतल्या सुरक्षा टीमने तो मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलाही. तिथे पुढे काहीच हललं नाही. मालवेअर आपोआप काढून टाकण्याची सोयही बंद होती. डेटा बाहेर जायला लागला २ डिसेंबरला, म्हणजे हाताशी वेळ होता! शेवटी सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली.

मार्च २०१४ च्या अमेरिकी सिनेट समितीच्या अहवालात हा क्रम आहे. इशारे पाहिले, पण तातडीच्या कारवाईची गरज वाटली नाही, हे कंपनीनेही मान्य केलं होतं.

रात्रपाळीत स्क्रीनवर डोळे लावून बसणाऱ्यांचं काम या मेसेजमुळे पुसलं जातं, आणि इशाऱ्यावर निर्णय कोणी घ्यायचा हा खरा प्रश्न बाजूला पडतो. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.