वरची वयोमर्यादा

भाच्याला अठरा पूर्ण झाली आणि शिक्षा मला झाली. "मामा, आता आपण 'ए' पिक्चर थिएटरात बघू शकतो," म्हणाला. 'आपण' म्हणजे तिकिटं मामाने काढायची.

दारावर त्याचं आधार कार्ड दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. मला कोणी काही विचारलं नाही. कायद्याला काळजी फक्त कोवळ्या मनांची. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला, तेव्हा 'यूए'चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या पिक्चरांच्या दाखल्याचे, ७, १३ आणि १६ असे वयाप्रमाणे तीन तुकडे केले. बीपीची गोळी घेऊन आलेल्या माणसासाठी मात्र एकही खाना नाही. माझ्या पिशवीतली चिवड्याची पुडी तेवढी धोकादायक म्हणून काढून घेतली.

एके काळी 'ए' मिळू नये म्हणून निर्माते सेन्सॉरपुढे हातापाया पडायचे. सहकुटुंब प्रेक्षक गेला की गल्ला गेला. आता 'ए' पोस्टरवर मिरवतात. 'अ‍ॅनिमल' २०२३ मध्ये 'ए' घेऊनच आला, ३ तास २१ मिनिटं चालला आणि शेकडो कोटी घेऊन गेला. तेव्हापासून प्रत्येक नायकाच्या हातात कुऱ्हाड दिसते. एवढी लाकडं फोडली असती तर गावाची चूल पेटली असती.

आमच्याही पिक्चरमध्ये सुरुवातीला निवेदन आलं, की चित्रीकरणात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही. घोडा दाखवायचा तर प्राणी कल्याण मंडळाचा कागद लागतो. माणूस सोलायला तसली कटकट नाही. एका गुंडाने सिगारेट पेटवली, लगेच खाली पट्टी: धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे. पुढच्याच क्षणी नायकाने त्याला उभा चिरला. पट्टी गेली. बरोबरच आहे, जपायला फुप्फुसं कुठे उरली होती? मरताना त्याने आईवरून दिलेली शिवी सेन्सॉरने गाळली होती. हाडं मोडल्याचा आवाज मात्र चारी भिंतींतून कडाकडा येत होता. संस्कार जपावेत ते असे.

मी डोळे मिटले. त्याचा उपयोग नसतो, कारण डोळे मिटले की आवाजावरून कुठला अवयव असेल याचा अंदाज बांधत बसावं लागतं. शेवटी मी बाहेर पडण्याचा दिवा बघत बसलो. हिरवा, शांत, अहिंसक दिवा.

शेजारच्या बाई प्रत्येक मुडद्यामागे एक नाचो खात होत्या. मध्यंतरात त्यांनी फोन लावून मुलाला दरडावलं, "मोबाइलवर मारामारीचा गेम खेळत बसू नकोस हं!"

भाचा खूश होता. "मामा, हा काहीच नाही. मल्याळममधले बघायला हवेत तुम्ही."

घरी आल्यावर आईने विचारलं, "कसा होता रे? कौटुंबिक आहे का?"

"हो आजी," भाचा म्हणाला, "अख्खं कुटुंब मारतात."

"मग रविवारी माझंही काढ," आई म्हणाली. "सिरियलमध्ये नुसतं विष कालवतात, मरत कोणीच नाही."