बोटभर राहिलंय!

क्लच संपत आला की गाडी आधी आवाज करून सांगते, मग वास सोडून सांगते, आणि तरीही ऐकलं नाही तर चढाला उभी राहून सांगते. आमच्या आबांच्या प्रीमिअर पद्मिनीनं तिन्ही केलं. वाघबीळहून पन्हाळ्याकडं वळलो तेव्हा इंजिन बोंबलत होतं, गाडी जागची हलत नव्हती आणि डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक आजी आम्हाला मागं टाकून पुढं गेली. आबा म्हणाले, "पेट्रोलात भेसळ हाय." आबांच्या मते या गाडीत बिघाड होतच नाही. जे काय होतं ते पेट्रोलमुळं, रस्त्यामुळं, नाहीतर मी चालवल्यामुळं.

कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. 1974 साली हिचं नाव पद्मिनी पडलं, त्याआधी प्रेसिडेंट, त्याआधी फियाट. आबा अजूनही फियाटच म्हणतात. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि ओढ मागच्या चाकांना. म्हणजे क्लचपर्यंत पोचायचं तर आधी खालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक दांडा, प्रोपेलर शाफ्ट, सोडवा, मग अख्खा गिअरबॉक्स उतरवा. गाडी घरी आणली खरी, पण पुढं गॅरेजपर्यंत जाईना म्हणून मेस्त्रीच कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या दारात आले. बरोबर जॅक, लाकडी ठोकळे, पोतं आणि बारक्या नावाचा धिप्पाड पोरगा.

उतरवण्याचं काम त्या मानानं सोपं. क्लच प्लेट हातात आली तेव्हा तिचं अस्तर रिव्हेटपर्यंत खपलं होतं. उघड्या रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या टोकाच्या जड चाकावर, गोल चरे पाडले होते आणि मधे मधे निळे डाग. "तापलंय," मेस्त्री म्हणाले. बारक्या आतली धूळ तोंडानं फुंकायला गेला तर त्याच्या पाठीत धपाटा बसला. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ ओल्या फडक्यानंच पुसायची.

फ्लायव्हीलचे बोल्ट सोडवायला पाना लावला की चाकच फिरतं. मेस्त्रींनी रिंग गिअरच्या, म्हणजे चाकाच्या कडेवरच्या दातेरी कड्याच्या, दातात जाड स्क्रू ड्रायव्हर अडकवून ते धरलं आणि बोल्ट काढायच्या आधी चाकावर आणि ते ज्यावर बसतं त्या क्रँकवर पंचानं एकेक खूण ठोकली. "जसं होतं तसंच बसाय पायजे, न्हाईतर गाडी थरथरती."

रिंग गिअर बघून मात्र माझं कुतूहल जागं झालं. समोरासमोर दोन ठिकाणी दात झिजलेले आणि बाकीचे नव्यासारखे. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन जागांवर येऊन थांबतं, म्हणून स्टार्टर आयुष्यभर त्याच दातांना धडकतो. ही आख्खी गाडी आबांच्या वळणावर गेली आहे. तेही दिवसातून दोनच ठिकाणी थांबतात, दूध कट्ट्यावर आणि पानाच्या टपरीवर.

फ्लायव्हील घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. लेथवाल्यानं चाक हातात तोललं आणि म्हणाला, "फेस मारून देतो, पर तुमी म्हणाला तर अख्खं नवीन वतून देऊ की." त्यात बढाई नव्हती. ज्या गावात ओतकामाच्या भट्ट्या गल्लीगल्लीत आहेत, तिथं जुन्या गाडीचा भाग मिळत नाही म्हटलं की लोकांना आनंदच होतो. त्यानं चरे जाईपर्यंत तोंड घासलं, रिंग तापवून काढली आणि पालथी करून पुन्हा तापवली. दोनशे अंशांच्या जरा वर गेली, पिवळसर झाक आली की ती फुगते आणि अलगद जागेवर बसते. निळी पडेपर्यंत तापवली तर दात मऊ झालेच म्हणून समजा. हे तो मला समजावत होता तेव्हा त्याचं लक्ष रिंगेवर आणि एका कानाला मोबाईल, पलीकडून बायको मटण किती आणायचं ते विचारत होती.

फ्लायव्हील बसलं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. नवी प्लेट कुठली बाजू आत ते बघून, मधोमध धरून बसवली. त्यासाठी मेस्त्रींकडं एका मेलेल्या फियाटचा गिअर शाफ्ट आहे, तो ते कापडात गुंडाळून ठेवतात. इथपर्यंत गल्लीला काही रस नव्हता.

गिअरबॉक्स वर चढायला लागला आणि माणसं जमली. बारक्या खाली आडवा, बॉक्स जॅकवर, अर्धं वजन बारक्याच्या छातीवर. बॉक्सचा शाफ्ट प्लेटमध्ये शिरला, सरकला, आणि बोटभर अंतर ठेवून थांबला. पत्रिका जुळलेली, अक्षता वाटून झालेल्या आणि नवरदेव मांडवाच्या दारात हटून बसलेला.

"बोटभर राहिलंय!" बारक्या खालून ओरडला.

झालं. निवृत्त शिक्षक म्हणाले, कोन चुकलाय. किराणावाल्यानं ग्रीस लावायला सांगितलं. एकानं विचारलं, "प्लेट कोल्हापुरात घेतली का पुण्यातनं?" पुण्यातनं म्हटल्यावर सगळ्यांना कारण सापडलं. आईनं चहा पाठवला, तो मेस्त्रींपर्यंत पोचायच्या आत सल्लागारांत संपला. तालमीतून दोन पोरं आली, नुकतीच जोर मारून आलेली, अंगाला माती. "मामा, सरका, आमी ढकलतो."

"हात लावायचा न्हाई," मेस्त्री म्हणाले.

"बोल्ट आवळून वडून घ्या की मग," आबा म्हणाले. गिऱ्हाईक असल्यानं त्यांच्या सल्ल्याला जरा जास्त वजन होतं.

"आबा, बोल्ट धरून ठेवायला आसतोय, वडायला न्हाई. आत दात दातावर बसलाय. वडला की प्लेटीचा हब वाकला, न्हाईतर बॉक्सचा कान तुटला. आनि बॉक्स प्लेटीवर लोंबकळत ठेवला तरी प्लेट गेलीच."

गल्लीला हे पटलं नाही. मागून "जोतिबाच्या नावानं" अशी आरोळी आली, त्यावर "चांगभलं" झालं आणि तालमीची पोरं पुन्हा पुढं सरकली. मेस्त्रींनी पाना उगारला. मग वाकून बारक्याला म्हणाले, "गिअरात टाक. आता मागचं फ्लँज फिरीव. सावकाश."

बारक्यानं गिअरबॉक्सच्या मागचं तोंड हातानं जरासं फिरवलं. त्याबरोबर पुढचा शाफ्टही फिरला, खाचेत खाच आली आणि टक्क असा आवाज करून बॉक्स कुणी न ढकलता आत गेला. तालमीच्या पोरांचे चेहरे पडले.

संध्याकाळी आबा पहिल्यांदा बसायचा हट्ट धरून बसले. जुना क्लच पार वर आल्यावर पकडायचा, आबांचा डावा पाय त्याच हिशेबाला पक्का झालेला. नवा खालीच पकडतो. आबांनी सवयीनं पाय झटकन वर उचलला, गाडीनं उडी मारली आणि बंद पडली.

गल्ली क्षणभर गप्प. मग निवृत्त शिक्षक म्हणाले, "मी मघाशीच म्हटलं होतं, कोन चुकलाय." किराणावाला ग्रीसचा डबा घेऊनच आला. आबांनी काच खाली केली आणि गंभीरपणे म्हणाले, "मेस्त्री, आधी पेट्रोल बघा."